फुफ्फुसाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया : खरी कसोटी नंतरच्या दिवसांची

२३ सप्टेंबर १९५१ रोजी लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यातील एका दालनात शस्त्रक्रियागृह उभारण्यात आले होते. रुग्ण होते ब्रिटनचे राजे सहावे जॉर्ज आणि शल्यचिकित्सक होते क्लेमंट प्राइस थॉमस. राजांचे संपूर्ण डावे फुफ्फुस काढून टाकण्यात आले. फुफ्फुसात 'रचनात्मक बदल' आढळल्याचे जनतेला सांगण्यात आले. कर्करोग हा शब्द मात्र उच्चारला गेला नाही. राजे शस्त्रक्रियेतून सावरले. डिसेंबरमध्ये देशभर आभारप्रार्थनाही झाल्या. त्यांचे नाताळचे भाषण त्या वर्षी प्रथमच थेट प्रसारित न होता आधी तुकड्यातुकड्यांनी ध्वनिमुद्रित करावे लागले, आणि श्रोत्यांना त्यांचा आवाज घोगरा झाल्याचे जाणवले. ६ फेब्रुवारी १९५२ च्या पहाटे झोपेतच त्यांचे निधन झाले. हृदयाच्या रक्तवाहिनीतील गुठळी हे मृत्यूचे कारण सांगण्यात आले. शस्त्रक्रियेला तेव्हा साडेचार महिने झाले होते.

भारत प्रजासत्ताक होईपर्यंत ज्यांची मुद्रा आपल्याकडील रुपयावर होती, त्या राजांची ही कहाणी आजही बोलकी आहे. 'ऑपरेशन यशस्वी झाले' हे डॉक्टरांचे शब्द ऐकले की नातेवाईक सुटकेचा नि:श्वास टाकतात. पण फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या बाबतीत या वाक्याचा अर्थ एवढाच, की गाठ निघाली आणि रुग्ण शस्त्रक्रियागृहाबाहेर आला. पुढचे काही दिवस, कधी काही आठवडे, वेगळीच परीक्षा असते. या काळात उद्भवणारे गंभीर प्रश्न कोणते, ते केव्हा डोके वर काढतात आणि त्यांची पहिली चाहूल कशी ओळखावी, याची माहिती रुग्णाच्या घरच्यांना असणे आवश्यक आहे. त्यावर कित्येकदा जीव अवलंबून असतो.

शस्त्रक्रिया म्हणजे नेमके काय?

उजव्या फुफ्फुसाचे तीन आणि डाव्याचे दोन खंड असतात. गाठ ज्या खंडात आहे तो संपूर्ण खंड काढण्याला 'लोबेक्टॉमी' म्हणतात. ही या रोगातील सर्वांत रूढ शस्त्रक्रिया होय. खंडाचाही एक भागच काढला तर ती 'सेगमेंटेक्टॉमी'. गाठ मुख्य श्वासनलिकेजवळ वा मोठ्या रक्तवाहिनीला भिडलेली असेल, तर एका बाजूचे पूर्ण फुफ्फुस काढावे लागते. त्याला 'न्युमोनेक्टॉमी' म्हणतात.

कर्करोगासाठी एका बैठकीत संपूर्ण फुफ्फुस काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया अमेरिकेतील सेंट लुईस येथे ५ एप्रिल १९३३ रोजी डॉ. इव्हार्ट्स ग्रॅहम यांनी केली. रुग्ण स्वत: प्रसूतितज्ज्ञ होते, डॉ. जेम्स गिलमोर. फुफ्फुस काढल्यावर छातीत उरणाऱ्या पोकळीत पू होईल, ही भीती ग्रॅहम यांना होती. ती पोकळी लहान करण्यासाठी त्यांनी त्याच वेळी काही बरगड्याही काढल्या. गिलमोर त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे जगले. ग्रॅहम यांनी १९५० मध्ये अर्न्स्ट वाइंडर यांच्यासह धूम्रपान आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारा अभ्यास प्रसिद्ध केला. स्वत: दीर्घकाळ धूम्रपान केलेल्या ग्रॅहम यांचा १९५७ मध्ये याच रोगाने मृत्यू झाला. त्यांचा रुग्ण त्यांच्यापेक्षा अधिक जगला.

धोका किती?

उत्तर अमेरिकेतील लंग कॅन्सर स्टडी ग्रुपने १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत मृत्यू होण्याचे प्रमाण लोबेक्टॉमीसाठी २.९ टक्के, तर न्युमोनेक्टॉमीसाठी ६.२ टक्के आढळले होते. त्यानंतर भूल, अतिदक्षता आणि दुर्बिणीच्या तंत्रात मोठी प्रगती झाली. अनुभवी केंद्रांत लोबेक्टॉमीचा धोका आता एक-दोन टक्क्यांवर आला आहे. संपूर्ण फुफ्फुस काढण्याची शस्त्रक्रिया मात्र अजूनही त्याच्या कैक पटींनी जोखमीची आहे.

आणखी एक आकडा लक्षात घेण्याजोगा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदींवर आधारित, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३० दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण २.८ टक्के होते. ९० दिवसांपर्यंत मोजले असता ते ५.४ टक्के, म्हणजे जवळजवळ दुप्पट भरले. याचाच अर्थ, महिना उलटला, रुग्ण घरी आला, म्हणून सावधगिरी सोडून चालत नाही.

पहिले तीन दिवस

शस्त्रक्रियेनंतर लगेचची मुख्य चिंता रक्तस्रावाची. छातीत ठेवलेल्या नळीतून बाटलीत किती आणि कोणत्या रंगाचा द्राव येतो, याची तासातासाला नोंद होते ती त्यासाठीच. रक्त थांबत नसेल तर छाती पुन्हा उघडण्याचा निर्णय तातडीने घ्यावा लागतो. भारतीय रुग्णांमध्ये पूर्वी होऊन गेलेल्या क्षयरोगामुळे फुफ्फुस बरगड्यांच्या आतील आवरणाला घट्ट चिकटलेले असते. ते सोडवताना रक्तस्राव आणि फुफ्फुसाला छिद्रे पडण्याची शक्यता वाढते.

दुसरा धोका उरलेल्या फुफ्फुसात पाणी भरण्याचा. हा प्रकार विशेषत: न्युमोनेक्टॉमीनंतर पहिल्या ७२ तासांत दिसतो. पूर्वी दोन फुफ्फुसांतून वाहणारे सगळे रक्त आता एकाच फुफ्फुसातून जाऊ लागते. त्यात शिरेवाटे जास्त द्रव दिला गेला तर ताण वाढतो, श्वास लागतो, प्राणवायूची पातळी घसरते आणि कृत्रिम श्वासोच्छ्वासाची पाळी येते. ही अवस्था प्राणघातक ठरू शकते. म्हणूनच या रुग्णांना सलाइन मोजूनमापून दिले जाते. 'आमच्या माणसाला सलाइनसुद्धा पुरेसे लावत नाहीत,' ही नातेवाइकांची तक्रार या ठिकाणी गैरसमजातून आलेली असते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हृदयाची लय बिघडू शकते. हृदयाचे वरचे कप्पे नियमित आकुंचन पावण्याऐवजी थरथरू लागतात, नाडी वेगाने आणि अनियमित चालते. लोबेक्टॉमीनंतर साधारण १० ते २० टक्के रुग्णांत हे घडते. न्युमोनेक्टॉमीनंतर त्याहून अधिक. बहुतेकांची लय औषधांनी पूर्ववत होते. पण दुर्लक्ष झाले तर रक्तदाब कोसळणे किंवा हृदयात गुठळी होऊन ती मेंदूकडे जाणे, असे प्रसंग ओढवतात. छातीत धडधडते, असे रुग्णाने सांगितल्यास ते मनाचे खेळ समजून सोडून देऊ नये.

खोकला न येणे हीच आपत्ती

एरवी खोकला नकोसा वाटतो. या शस्त्रक्रियेनंतर मात्र रुग्णाला खोकता न येणे हे संकटाचे मूळ ठरते. बरगड्यांमधील जखम दुखते म्हणून रुग्ण उथळ श्वास घेतो, खोकला दाबतो. कफ साचतो, श्वासनलिकेची एखादी शाखा बुजते, फुफ्फुसाचा तो भाग मिटतो आणि त्यात जंतुसंसर्ग होऊन न्यूमोनिया होतो. आधीच एक खंड गमावलेल्या रुग्णाला तो झेपत नाही. धूम्रपान करणारे आणि जुनाट दम्यासारखा विकार असणारे यांना हा धोका अधिक असतो.

यावरचे उपाय साधे, पण चिकाटीचे आहेत. पहिला वेदनाशमनाचा. पाठीत मज्जारज्जूच्या आवरणाजवळ किंवा मणक्यालगत बारीक नळी ठेवून वेदनाशामक औषध दिले जाते. दुखणे सहन करणे यात मर्दुमकी नाही. दुखते हे वेळीच सांगावे. दुसरा फिजिओथेरपीचा. छातीला उशी धरून खोकणे, तीन चेंडूंच्या उपकरणाने खोल श्वास ओढण्याचा सराव करणे, शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासून खुर्चीत बसणे आणि चालणे. आप्तांना हे चालवणे निर्दयपणाचे वाटते. प्रत्यक्षात 'आज राहू दे, आराम करू दे' ही माया महाग पडते. कफ तरीही निघाला नाही, तर दुर्बीण घालून तो ओढून काढावा लागतो.

झोपून राहण्याचा दुसरा धोका पायांत. पोटरीच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी झाली आणि ती सुटून फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकली, तर काही मिनिटांत प्राण जाऊ शकतो. रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने, पायांचे घट्ट मोजे आणि लवकर चालणे यांनी हा धोका कमी होतो. जोखीम जास्त असलेल्यांना ही इंजेक्शने घरी गेल्यावरही काही आठवडे घ्यावी लागतात.

बाटलीतले बुडबुडे

फुफ्फुस कापलेल्या जागेतून थोडी हवा गळते. ती छातीतील नळीवाटे पाण्याच्या बाटलीत येते आणि बुडबुडे दिसतात. बहुतेकांत हे दोन-तीन दिवसांत थांबते. पाच दिवसांनंतरही हवा येत राहिली तर तिला दीर्घकालीन हवागळती म्हणतात. साधारणत: दहातल्या एका रुग्णाला हा अनुभव येतो. फुफ्फुस आधीच विरलेले असेल तर शक्यता वाढते. ही गळती सहसा आपोआप बुजते, पण तोवर नळी ठेवावी लागते, मुक्काम लांबतो आणि पोकळीत पू होण्याची भीती राहते. काही रुग्णांना एकाच दिशेने हवा सोडणारी झडप लावून घरीही पाठवले जाते.

बाटलीबाबत दोन नियम नातेवाइकांनी पाळलेच पाहिजेत. बाटली नेहमी छातीच्या पातळीखाली असावी. उचलून खाटेवर ठेवली तर त्यातील पाणी छातीत जाऊ शकते. आणि चालताना, तपासणीसाठी नेताना कोणीही स्वत:च्या मनाने नळी चिमट्याने बंद करू नये. हवा गळत असताना नळी बंद झाली तर ती छातीत कोंडून फुफ्फुस आणि हृदय दाबले जाते.

सर्वांत भीतिदायक गुंतागुंत

काढलेल्या भागाकडे जाणारी श्वासनलिका शस्त्रक्रियेत टाके घालून वा यंत्राच्या पिनांनी बंद केली जाते. हे टोक नीट भरून आले नाही आणि उघडले, तर श्वासनलिका आणि छातीची पोकळी यांच्यात थेट वाट तयार होते. वैद्यकीय परिभाषेत याला 'ब्रॉन्कोप्लुरल फिस्टुला' म्हणतात. लोबेक्टॉमीनंतर तो क्वचित होतो. न्युमोनेक्टॉमीनंतर, त्यातही उजव्या बाजूच्या, त्याचे प्रमाण अधिक असते. कारण उजव्या बाजूच्या टोकाला भोवतालच्या ऊतींचे आवरण आणि रक्तपुरवठा दोन्ही कमी मिळतात. मधुमेह, कुपोषण, आधी दिलेले किरणोपचार आणि शस्त्रक्रियेनंतर लांबलेला कृत्रिम श्वासोच्छ्वास यांनी शक्यता वाढते.

हा प्रकार बहुधा पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात घडतो; कधी रुग्ण घरी आल्यावर. संपूर्ण फुफ्फुस काढल्यानंतर रिकाम्या पोकळीत हळूहळू द्रव साठतो आणि ती भरत जाते. हे अपेक्षितच असते. पण टोक उघडले की हाच द्रव श्वासनलिकेत शिरतो. रुग्णाला एकाएकी ठसका लागतो, पातळ, लालसर किंवा तपकिरी पाणी तोंडावाटे येते, ताप चढतो. एक्स-रेत पोकळीतील द्रवाची वाढत जायला हवी ती पातळी खाली गेलेली दिसते. हा द्रव चांगल्या फुफ्फुसात गेला तर रुग्ण अक्षरश: आतल्या आत बुडतो. अशा वेळी रुग्णाला बसते करावे किंवा शस्त्रक्रिया झालेली बाजू खाली राहील असे कुशीवर वळवावे आणि क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेची वाट पाहण्याचा हा प्रसंग नव्हे.

उपचार दीर्घ असतात. नळी घालून पू काढणे, प्रतिजैविके, टोक पुन्हा शिवून त्यावर स्नायूचा वा पोटातील चरबीच्या पडद्याचा थर बसवणे आणि काही रुग्णांत बरगडीचा भाग काढून छातीला कायमची खिडकी ठेवून रोज मलमपट्टी करणे, अशी ही पायरीपायरीची वाट आहे. कित्येक महिने जातात. तरीही बऱ्याच रुग्णांना यातून बाहेर काढता येते, विशेषत: निदान लवकर झाले तर.

क्वचित, पण ठाऊक असावे असे

फुफ्फुसाचा उरलेला एखादा खंड स्वत:भोवती पिळला जाऊन त्याचा रक्तपुरवठा तुटणे. लसिकावाहिनीला इजा होऊन, रुग्ण जेवू लागल्यावर नळीतून दुधासारखा द्राव येणे. हृदयाचे आवरण उघडावे लागले असेल तर त्या फटीतून हृदयच सरकणे, अशा गुंतागुंती विरळा आहेत, पण त्यांना तातडीचे उपचार लागतात. स्वरयंत्राकडे जाणारी डावी मज्जा छातीतून वळसा घेऊन वर जाते. तिला धक्का लागला तर आवाज बसतो आणि पाणी पिताना ठसका लागून ते श्वासमार्गात जाते. आवाजाची तक्रार किरकोळ वाटते, मात्र त्यामागून येणारा न्यूमोनिया किरकोळ नसतो. जखम भरल्यावरही काही रुग्णांना बरगड्यांलगत दोन महिन्यांहून अधिक काळ जळजळणारी वेदना राहते. तिच्यावर वेगळी औषधे आहेत. ती मुकाट्याने सोसण्याची गरज नाही.

कसोटीची तयारी आधीपासून

यातील बराचसा धोका शस्त्रक्रियेपूर्वीच ओळखता आणि कमी करता येतो. श्वसनक्षमता मोजणारी स्पायरोमेट्री, फुफ्फुसातून वायू रक्तात किती मिसळतात याची चाचणी, हृदयाची तपासणी आणि सहा मिनिटे चालण्याची चाचणी यांवरून उरणारे फुफ्फुस पुरेल का, याचा अंदाज येतो. जुन्या शल्यचिकित्सकांचा एक ठोकताळा होता : न थांबता तीन जिने चढणारा लोबेक्टॉमी सोसेल, पाच जिने चढणारा न्युमोनेक्टॉमी. यंत्रे आली, तरी जिना चढण्याची परीक्षा आजही उपयोगी मानली जाते.

धूम्रपान किमान चार आठवडे आधी थांबवावे. उशीर झाला असेल तर आजपासून थांबवावे. तंबाखूची मशेरी, विडी, हुक्का यांना यात सूट नाही. रक्तक्षय आणि साखर आटोक्यात आणावी, प्रथिनयुक्त आहार घ्यावा, दातांचे आरोग्य तपासून घ्यावे आणि श्वसनाचे व्यायाम शस्त्रक्रियेपूर्वीच शिकून घ्यावेत.

शस्त्रक्रियेचे स्वरूपही बदलत आहे. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, छाती उघडण्याऐवजी दुर्बिणीतून लोबेक्टॉमी केलेल्यांत रुग्णालयातील गुंतागुंतीचे प्रमाण कमी आढळले. त्याच वर्षी जपानमधील मोठ्या चाचणीने दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीसाठी सेगमेंटेक्टॉमी पुरेशी ठरते, असे दाखवले. अर्थात, लहान शस्त्रक्रिया म्हणजे शून्य धोका नव्हे. या चाचणीत हवागळती सेगमेंटेक्टॉमीच्या गटातच अधिक होती.

रुग्णालय कसे निवडावे?

अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने शस्त्रक्रियेच्या जगाला विचार करायला लावले. तो सर्वसाधारण आणि रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियांविषयी होता. मृत्यूचे प्रमाण कमी असलेल्या आणि जास्त असलेल्या रुग्णालयांत गुंतागुंतीचे प्रमाण जवळपास सारखेच होते. फरक होता तो गुंतागुंत झाल्यावर रुग्ण वाचवण्यात. एका गटात गुंतागुंत झालेल्यांपैकी १२.५ टक्के दगावले, दुसऱ्यात २१.४ टक्के. गुंतागुंत चांगल्या डॉक्टरांच्या हातूनही होते. ती वेळेत ओळखणारी परिचारिका, रात्री हजर असणारा डॉक्टर, सज्ज अतिदक्षता विभाग ही खरी ताकद असते.

म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी काही प्रश्न नि:संकोचपणे विचारावेत. येथे वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया होतात? छातीच्या शस्त्रक्रियेत प्रशिक्षित शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ आहेत का? रात्री अतिदक्षता विभागात कोण असते? फिजिओथेरपिस्ट रोज येतात का? मुक्काम लांबला तर खर्च किती वाढेल? घरी गेल्यावर त्रास झाला तर कोणाला दूरध्वनी करायचा?

घरी आल्यावर ही लक्षणे दिसल्यास तातडीने रुग्णालयात जावे

* एकाएकी वाढलेली धाप किंवा विश्रांतीतही श्वास लागणे
* खोकल्यातून पातळ, लालसर वा तपकिरी पाणी अथवा रक्त येणे
* ताप, हुडहुडी किंवा कफ हिरवट व दुर्गंधीयुक्त होणे
* छातीत धडधड, चक्कर, नाडी अनियमित लागणे
* एका पायाला सूज आणि पोटरी दुखणे
* जखमेतून पू येणे किंवा छाती, मान, चेहरा एकाएकी फुगून त्वचेखाली चरचर जाणवणे
* पाणी पिताना वारंवार ठसका लागणे

ही यादी वाचून शस्त्रक्रियाच नको, असे वाटणे स्वाभाविक आहे. तो निष्कर्ष मात्र चुकीचा ठरेल. आपल्याकडे या रोगाचे बहुसंख्य रुग्ण डॉक्टरांपर्यंत पोहोचतात तेव्हा रोग पसरलेला असतो. कित्येकांचे महत्त्वाचे महिने क्षयरोगाच्या औषधांत गेलेले असतात. ज्यांची गाठ वेळेवर सापडली आणि शस्त्रक्रिया शक्य आहे, त्यांच्यासाठी तीच पूर्ण बरे होण्याची सर्वांत मोठी संधी असते. १९३३ मध्ये गिलमोर यांनी ज्या काळात ही जोखीम पत्करली, त्या काळी प्रतिजैविके हाताशी नव्हती आणि आजच्यासारखा अतिदक्षता विभागही नव्हता. आज हे सर्व आहे. त्याचा लाभ मिळण्यासाठी रुग्णाच्या खाटेशेजारी बसलेल्या माणसाला पहिली खूण ओळखता आली पाहिजे आणि मध्यरात्री डॉक्टरांना उठवण्याचा संकोच वाटता कामा नये.